लायब्ररी ऑफ काँग्रेसचा नकाशासंग्रह: यॉर्कटाउनच्या वेढ्यासाठी कसा वापरावा

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातले वेढे नकाशांवर अभ्यासायचे, तर वॉशिंग्टन शहरातल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळाइतकी चांगली सोय क्वचितच मिळेल. सगळं फुकट, नोंदणीची कटकट नाही, शिवाय व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला जॉर्ज वॉशिंग्टनच्या अमेरिकी फौजेसोबत कॉर्नवॉलिसच्या ब्रिटिश फौजेला वेढा घालणारा फ्रेंच सेनापती रोशाम्बो याचा नकाशासंग्रहही इथेच आहे.

शोध मात्र डोकेदुखी. शीर्षकं मूळ नकाशावरच्या जुन्या स्पेलिंगातच नोंदवली आहेत, म्हणून शीर्षकाऐवजी आजचं ठिकाणनाव टाकून मग सालं निवडावीत. वेढा 1781 चा म्हणून तेवढंच साल निवडलंत, तर दोन उत्तम छापील नकाशे हातचे जातात. अमेरिकी तोफखान्यातल्या सेबास्टियन बाउमनने शरणागतीनंतर लगेच, 22 ते 28 ऑक्टोबरला मोजणी केली, पण त्याचा नकाशा फिलाडेल्फियात छापला गेला 1782 साली. ब्रिटिश तोफखान्याच्या कॅप्टन फेजचा लंडनमध्ये जोसेफ डे बार्सने काढला, तोही 1782 मध्येच. दोन्ही शेजारी उघडून पाहावेत: एक वेढा घालणाऱ्यांचा, दुसरा वेढ्यात सापडलेल्यांचा. (हाच कॉर्नवॉलिस 1792 मध्ये हरिपंत फडक्यांच्या मराठा फौजेसह श्रीरंगपट्टणला वेढा घालून बसला होता.)

असे नकाशे पंधरा-वीस दिवसांचं काम एकाच चित्रात दाखवतात, म्हणून तारखा हाताशी हव्यात. पहिला समांतर खंदक (वेढलेल्या तटबंदीला समांतर खणलेला) 6 ऑक्टोबरच्या रात्री, दुसरा 11 च्या रात्री. पण 9 आणि 10 क्रमांकाचे रिडाउट (ब्रिटिशांच्या मातीच्या छोट्या गढ्या) आडवे असल्याने तो नदीपर्यंत नेता येईना. 14 च्या रात्री ते पडले, तेव्हा वाट मोकळी झाली. हे माहीत नसेल तर खंदकांच्या रेषा नुसतं जाळं वाटतात. रंगांचा अर्थ नकाशागणिक बदलतो, सूची आधी वाचावी. फ्रेंच नकाशांवर माप त्वाझ या जुन्या फ्रेंच एककात. 1 त्वाझ म्हणजे सुमारे 1.95 मीटर.

उतरवताना वाचनापुरती मोठी जेपेग पुरते. छपाईला टिफ घ्यावी, पण ती फार जड असते. जेपेग 2000 बऱ्याच फोनवर उघडतच नाही. छपाईचा आकार काढायला पिक्सेलना 300 ने भागावं: 6000 पिक्सेल म्हणजे 20 इंच. त्याहून मोठं छापलं की बारीक अक्षरं फुटतात.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना नदीकाठ धरून जुळणीचे बिंदू देऊ नयेत. यॉर्क नदीने किनारा खाल्लाय, 10 क्रमांकाच्या रिडाउटचा मोठा भाग त्यातच गेला. अजून उभी असलेली नेल्सन हाउस आणि मूर हाउस हे भरवशाचे बिंदू. बाकीचे रस्त्यांच्या जुन्या चौकांवर घ्यावेत, एकूण निदान सहा, आणि चारही बाजूंना पसरलेले. उपग्रहचित्रातले मातीचे बांधही 1781 चे समजू नयेत. वेढ्यानंतर वॉशिंग्टनने आपल्या बाजूचे खंदक बुजवून टाकायला लावले होते. आज दिसतात त्यातले बरेच बांध 1862 च्या यादवी युद्धातले, तर काही विसाव्या शतकात नव्याने उभारलेले आहेत.