खाऱ्या टाकीचा रिफ्रॅक्टोमीटर : आधी हा घ्या, मग सल्ले ऐका

साधारण दीड हजार रुपयांचा, मुठीत मावणारा, बॅटरी न लागणारा, पाण्याचा खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर. एका टोकाला तिरकी काच, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचं भिंग. काचेवर पाण्याचा थेंब घालायचा; खारटपणाप्रमाणं त्यात प्रकाश कमीजास्त वाकतो आणि भिंगातल्या पट्टीवर रेषा कुठं पडली ते वाचायचं. अंगावर कुठल्या कंपनीचं नाव नाही. खाऱ्या पाण्यात मासे ठेवणाऱ्यानं भारी लाईट आणि स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) यांच्या आधी हा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. का, ते जरा सविस्तर लिहितो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. दिवसभर हातात व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज. माप कशानं घेतलं आणि ते साधन कशाला लावून तपासलं हे न सांगता कुणी नुसता आकडा सांगितला, तर आम्ही तो जॉब पुढं सोडत नाही. घरी हिंदवाडीत माझी २०० लिटरची खारी टाकी आहे. ती लावायचं ठरलं तेव्हा ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा, आणि प्रत्येकाचा आवाज सारखाच पक्का. गोव्याकडचा मासेविक्रेता म्हणाला, "खारटपणा १.०२० वर ठेवा, मीठ वाचतं, रोग कमी येतो." बेंगळुरूचा एक जुना छंदी म्हणाला, "१.०२६ च्या खाली म्हणजे माशाचा छळ." कोल्हापूरचा मावसभाऊ सांगायचा, "पाणी बदलूच नको गा, जमलेलं मोडतंय." तळाला वाळू ४ इंच पाहिजे म्हणणारे भेटले आणि वाळूच नको म्हणणारेही. नायट्रेट (माशांच्या घाणीपासून शेवटी पाण्यात उरणारा क्षार) शून्य पाहिजे यावर एकानं शपथ घेतली. दुसऱ्याचं म्हणणं, शून्य झालं की काचेवर तपकिरी चिकट थर आलाच म्हणून समज.

यातला मिठाचा वाद सगळ्यात जुना आणि सगळ्यात तापलेला. हा मीटर हातात आला आणि माझ्यापुरता तो मिटला, कारण दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. समुद्राचं पाणी साधारण ३५ पीपीटी, म्हणजे किलोमागं ३५ ग्रॅम क्षार. २५ अंशांना त्याची विशिष्ट घनता, म्हणजे ते साध्या पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, १.०२६ च्या आसपास येते. १.०२० म्हणजे साधारण २७ पीपीटी. फक्त मासे असतील तर बरेच मासे तेवढ्यावर तग धरतात, आणि दुकानात माल थोडे दिवस ठेवायचा असतो म्हणून दुकानदाराला ते परवडतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तर खारटपणा १.००९ पर्यंत उतरवून उपचार करतात. पण त्याच टाकीत कोळंबी किंवा ॲनिमोन (समुद्रफूल) असेल तर ते त्यात जगत नाहीत. दुकानदार दुकानाचं सांगत होता, बेंगळुरूवाला समुद्राचं. आपली टाकी कसली आणि माप कशानं घेतलं, हे दोघांनीही सांगितलं नाही.

आणि मापाचं साधन हा तर मोठाच भाग. पुष्कळ जण प्लास्टिकच्या डबीतला, काट्याचा हायड्रोमीटर वापरतात. त्या काट्याला हवेचा एखादा बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं. अशा साधनावर १.०२६ बघून दुसऱ्याला शिकवणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याची टाकीच खरी तेवढी खारट नसते. दुकानातून पिशवी आणली की तिच्यातल्या पाण्याचा एक थेंब मी आधी काचेवर घालतो. २७ च्या पाण्यातला मासा थेट ३५ मध्ये सोडला तर त्याला फार सोसावं लागतं. खारटपणा उतरवण्यापेक्षा चढवणं माशाला जड जातं. फरक मोठा असेल तर वेगळ्या टबात हळूहळू चढवत न्यायचं.

आता या मीटरची खरी गोम. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय की डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावा. माझ्या मते एवढं पुरेसं नाही. २५ ते ५० मिलिमीटरच्या मायक्रोमीटरबरोबर २५ ची सेटिंग रॉड, म्हणजे तपासायला नेमक्या लांबीची दांडी, येते ती उगीच येत नाही. जिथं मापायचं त्याच्या जवळच साधन तपासायचं असतं. काही रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियमही असतं आणि प्रकाश दोन्हींत सारखा वाकत नाही. असा मीटर डिस्टिल्ड पाण्यावर बिनचूक शून्य दाखवतो आणि ३५ च्या समुद्रपाण्याला ३६.५ म्हणतो. म्हणून ३५ चं तयार द्रावण वेगळं मागवा. नाही मिळालं तर ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. हे द्रावण प्रकाश ३५ च्या समुद्रपाण्याइतकाच वाकवतं. ते काचेवर घालून स्क्रूनं रेषा ३५ वर आणायची. वजनकाटा चांगला हवा, स्वयंपाकघरातला डुगडुगणारा नको. थेंब घातल्यावर अर्धा मिनिट थांबा, म्हणजे पाणी आणि काच एका तापमानाला येतात. मीटरवर आपोआप तापमान जुळवून घ्यायची सोय लिहिलेली असली, तरी ती काचेसाठी असते, टाकीतून काढलेल्या गरम थेंबासाठी नव्हे.

बेळगावात या मीटरची गरज जास्तच. इथल्या पावसाळ्यात कपाटातले कपडे ओलसर लागतात, तिथं समुद्री मिठाची उघडी बादली किती कोरडी राहणार? त्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम असं वजन करून घातलं तर त्यात पाण्याचंच वजन असतं आणि टाकी फिकी होते. जूनपासून मी ग्रॅमवर विश्वास ठेवत नाही, मीटरवर बघून मीठ घालतो. उन्हाळ्यात उलट. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी टाकी थंड ठेवायला वर पंखा लावला की पाणी उडतं आणि मीठ खाली राहतं. १०० लिटरमधलं ५ लिटर उडालं तर ३५ चे जवळजवळ ३७ होतात. तिथं साधं आरओचंच पाणी घालायचं. "खाऱ्यात खारंच घाल" असं सांगणारे मला भेटलेत. त्यांना मी मीटर डोळ्याला लावायला देतो.

गोव्याहून कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणा, चोर्ला घाटातून काही तासांचं तर काम आहे, हा सल्लाही नेहमीचा. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाजवळ, मिरामारला भरलेलं पाणी मी काचेवर बघितलंय. रेषा ३५ च्या आसपाससुद्धा नव्हती. घाटावरचा पुष्कळ पाऊस त्याच नदीतून उतरतो. उन्हाळ्यातलं पाणी चांगलं भरतं, पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात आणखी काय मिसळलंय ते हा मीटर सांगत नाही.

हे नीट समजून घ्या: हा फक्त मीठ सांगतो. अमोनिया, नायट्रेट, केएच (पाण्याची क्षारता) यांना वेगळे किट लागतात. वाळूचा वाद यानं मिटत नाही, पाणी किती बदलायचं तेही ठरत नाही. ते माशांची संख्या आणि नायट्रेटचा आकडा बघूनच ठरवावं. नायट्राइटबद्दल एक सांगून ठेवतो. गोड्या पाण्यातले अनुभवी लोक नायट्राइट दिसलं की घाबरवतात. खाऱ्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की ते कल्ल्यातून नायट्राइटला सहसा आत जाऊ देत नाही. त्यामुळं इथं खरी भीती अमोनियाची.

कुणी स्वस्तात जिवंत कोरल किंवा समुद्रघोडा देतो म्हणाला तर तिथं वाद घालत बसू नका, सरळ नाही म्हणा. दोन्हींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. माझ्या टाकीत हॅचरीत जन्मलेल्या क्लाउनफिशची जोडी आहे, मादी मोठी, नर लहान. ती बघायला शेजारची पोरं येतात आणि मला तेवढं पुरतं.

मीटरमधले दोष : झाकणाची बिजागरी नाजूक आहे. सोबतचा ड्रॉपर टाकाऊ, औषधाचा वापरा. दर वापरानंतर काच गोड्या पाण्यानं पुसली नाही तर मिठाचा थर बसतो आणि पुढचं माप चुकतं. सेटिंगचा स्क्रू हळूहळू ढिला होतो, म्हणून मी दर महिन्याला ३५ च्या द्रावणावर तपासतो. एवढं करायची तयारी असेल तर पाचपैकी साडेचार.

घेताना एकच जपा. चिकोडी, अथणी, रायबागकडं उसाचा गोडवा बघायला अगदी असाच दिसणारा रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. त्यावर ब्रिक्सची पट्टी असते, साधारण ० ते ३२. तो साखरेसाठी आखलेला आहे. कुणी शेतकरी मित्रानं प्रेमानं दिला तरी टाकीसाठी घेऊ नका. भिंगातून बघितल्यावर एका बाजूला ० ते १०० पीपीटी आणि दुसऱ्या बाजूला १.००० ते १.०७० दिसलं पाहिजे.