'होंडुरास महोगनी'च्या भावात मेरंटी

घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायची म्हणून सांगलीतल्या एका वखारीतून 'होंडुरास महोगनी'ची, म्हणजे अमेरिका खंडातल्या खऱ्या महोगनीची म्हणून, फळी घेतली. भाव सागवानाच्या वर. गिब्सन कंपनीची प्रसिद्ध लेस पॉल गिटार १९५२ पासून महोगनीचीच, हे वखारवाल्यानेच मला ऐकवलं! फळी सगळीकडून एकसारखी लालबुंद. रंधा मारला तसा लाल रंग भुश्श्याबरोबर निघून गेला, खाली फिकट गुलाबी लाकूड.

मिरजेत तानपुरे करणाऱ्या एका कारागिरांना तुकडा दाखवला. ही मंडळी तून लाकडात जन्म काढतात, आणि तून व महोगनी एकाच कुळातली झाडं. त्यांनी आडव्या कापावर ब्लेड फिरवलं, ओलं बोट लावलं, वास घेतला. "हे आमच्या तुनाच्या भावकीतलं न्हवं," म्हणाले आणि भिंग माझ्या हातात दिलं. कापावर बारीक पांढऱ्या रेघा होत्या. याच रेघा वखारवाल्याने 'खऱ्या महोगनीची खूण' म्हणून दाखवल्या होत्या. खऱ्या महोगनीत, म्हणजे स्विटेनियात, वाढीच्या वलयाची फिकट रेघ सलग असते. इथे रेघ म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची रांग, राळेने भरलेल्या नळ्या. ही मेरंटी, बाजारात 'फिलिपाईन महोगनी' म्हणून खपते. महोगनी म्हणून विकली जाणारी आणखी दोन आफ्रिकन लाकडं म्हणजे खाया आणि सापेले. खायात सहसा अशी रेघच नसते, आणि सापेलेच्या उभ्या चिरलेल्या फळीवर चमकते पट्टे दिसतात. वजनावर मात्र जाऊ नका, मेरंटी हलकीही मिळते आणि जडही.

मेरंटीची गिटार वाजत नाही असं नाही, छान वाजते. माझा राग आहे तो लावलेल्या किमतीवर.

परत गेलो तर उत्तर, "महोगनीच आहे की, फिलिपाईनची." बिलावर नुसतं 'लाकूड, १ नग'. अमेरिका खंडातली ही महोगनी २००३ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, ती देशात आणायला परवाना लागतो. तो कागद विचारला तर म्हणे, एवढ्याशा फळीला कसला कागद! (केरळात किंवा फिजीत लावलेली महोगनीही खरीच, तिला ही अट नाही. पण मग होंडुरासचा भाव लावायचा नाही.)

पैसे परत मिळाले नाहीत. नंतर दुसऱ्या वखारीत आधीच सांगितलं, बिलावर 'स्विटेनिया मॅक्रोफिला', म्हणजे होंडुरास महोगनीचं शास्त्रीय नाव, लिहून द्या. मालक थोडा थांबला, म्हणाला, "तसं लिहून देत नाही. खाया आहे. भाव कमी लावतो." फळी तिथूनच घेतली.