सुट्टीत विज्ञान-संवाद शिकायचाय? चार ऑनलाइन वाटा शेजारी शेजारी ठेवून

एमएस्सी-पीएचडीचे विद्यार्थी, शाळा-कॉलेजात विज्ञान शिकवणारे शिक्षक, विज्ञानावर लिहू पाहणारे पत्रकार असे बरेच जण एप्रिल-मेमध्ये विद्यापीठांचे ऑनलाइन कोर्स धुंडाळत असतात. विज्ञान सामान्य माणसापर्यंत पोचवायला शिकवणारे कोर्स आता भरपूर आहेत आणि वरवर पाहता सगळ्यांची जाहिरात सारखीच. प्रत्यक्षात मात्र ते फार वेगवेगळ्या गोष्टी शिकवतात. म्हणून विद्यापीठाचं नाव किंवा फी पाहण्याआधी आपलं अडतंय कुठे ते ठरवा. लिहिताना अडतं, गैरसमजाला उत्तर देताना अडतं, कॅमेऱ्यासमोर अडतं, की समोर बसलेल्या माणसाशी बोलताना? पुढचे चारही पर्याय मी याच प्रश्नाने तपासले आहेत.

त्याआधी तारखांकडे बघा, कारण बहुतेकांचा बेत तिथेच फसतो. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग साधारण जून ते ऑगस्टमध्ये भरतात. तोवर आपल्याकडे पाऊस सुरू होऊन नवं शैक्षणिक वर्षही लागलेलं असतं. म्हणजे ठरावीक वेळी भरणारा वर्ग निवडलात, तर तो कॉलेज सांभाळून करावा लागणार. त्यात घड्याळाचा फरक आहेच. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, ब्रिटन साडेचार तास. तिथला सकाळचा वर्ग आपल्याकडे दुपारी येतो, ते जमण्यासारखं आहे. न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे आहे. तिथे दुपारी 2 वाजता सुरू होणारा वर्ग आपल्या रात्री साडेअकराला सुरू होईल आणि आठवड्यात तीन रात्री तसं जागणं फार थोड्यांना झेपतं. मे महिनाच मोकळा असेल, तर रेकॉर्ड केलेला, आपल्या सोयीने करता येणारा कोर्स घ्या.

लिहिताना अडत असेल तर

रेकॉर्ड केलेल्या कोर्सांपैकी मी सगळ्यात आधी सुचवीन तो स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ‘रायटिंग इन द सायन्सेस’. तो कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळावर आहे, 8 आठवड्यांचा आहे आणि क्रिस्टिन सायनानी तो शिकवतात. त्या स्वतः संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्रातल्या, शिवाय मासिकात आरोग्यावर स्तंभ लिहिलेल्या. त्यामुळे संशोधक कुठे किचकट होतो हे त्यांना दोन्ही बाजूंनी कळतं. पहिले आठवडे निव्वळ वाक्यावर आहेत: फापटपसारा काढा, कर्ता पुढे आणा, क्रियापदाला नामाखाली गाडू नका. त्या समोर एक परिच्छेद घेतात आणि तुमच्यादेखत अर्धा करून दाखवतात. लेखनाच्या वेळेची त्यांची वाटणीही लक्षात ठेवण्यासारखी आहे: 70 टक्के वेळ तयारीला, 10 टक्के पहिल्या खर्ड्याला आणि 20 टक्के दुरुस्तीला. आपल्यापैकी बहुतेक जण सगळा वेळ खर्ड्यावर घालवतात.

हे धडे इंग्रजीचे असले तरी रोग आपलाही तोच आहे. ‘सदर प्रयोगामध्ये वनस्पतींच्या वाढीचे निरीक्षण करण्यात आले असता असे आढळून आले की’ हे वाक्य मराठी प्रकल्प-अहवालात कुठेही भेटेल. सायनानींची शिस्त लावली, तर त्याचं असं होतं: ‘दोन्ही कुंड्यांतली रोपं आम्ही रोज मोजली. अंधारातली उंच वाढली, पण फिकट राहिली.’ कोण, काय केलं, काय दिसलं, सगळं जागेवर. विरामचिन्हांवरचा भाग मात्र इंग्रजीपुरताच आहे. फक्त मराठीत लिहिणार असाल, तर तो वरवर चाळून पुढे जा.

या कोर्सची मर्यादाही सांगायला हवी. मधला मोठा भाग शोधनिबंधावर आहे: तक्ते आणि आकृत्या आधी करा, मग प्रयोगाचे निकाल, पद्धती, प्रस्तावना, चर्चा आणि सारांश सगळ्यात शेवटी. पीएचडीच्या विद्यार्थ्याला हे लाखमोलाचं, पण शाळेतल्या शिक्षकाला त्याचा उपयोग नाही. सर्वसामान्य वाचकासाठी लिहिणं आणि शास्त्रज्ञाची मुलाखत घेणं हा भाग अगदी शेवटी येतो. आणि तुमचं लेखन तपासणार ते तुमच्याबरोबर शिकणारे लोक. कुणी मनापासून तपासतं, कुणी दोन ओळींत उरकतं. प्रमाणपत्रासाठी पैसे लागतात. ते परवडत नसतील, तर कोर्सेराकडे आर्थिक सवलतीसाठी अर्ज करता येतो. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, तेव्हा मेमध्ये शिकायचं असेल तर तो एप्रिलमध्येच टाका.

अफवांना उत्तर द्यायचं असेल तर

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने 2015 साली एडएक्स या अशाच संकेतस्थळावर हवामानबदल नाकारणाऱ्या प्रचारावर एक कोर्स सुरू केला. जॉन कुक हे त्याचे मुख्य शिक्षक. विषय हवामानाचा असला तरी खरं शिक्षण गैरसमजाचं खंडन कसं करावं याचं आहे आणि माझ्या मते व्हॉट्सॲपच्या काळात हे सगळ्यांत उपयोगी कौशल्य आहे. नकाराच्या पाच युक्त्या ते उदाहरणांसह दाखवतात: बनावट तज्ज्ञ, तर्कदोष, अशक्य अपेक्षा, सोयीचा तेवढाच पुरावा वेचणं आणि कारस्थानाचा संशय. एकदा या पाच युक्त्या ओळखू यायला लागल्या, की घरच्या ग्रुपवर येणारा प्रत्येक संदेश तुम्ही वेगळ्या नजरेने वाचता.

त्यांची खंडनाची रीत तीन पायऱ्यांची. आधी खरी गोष्ट ठसठशीतपणे सांगायची, मग गैरसमज कोणता ते सांगायचं आणि शेवटी त्यातला तर्क नेमका कुठे घसरला ते दाखवायचं. आपल्याकडचं उदाहरण घेऊन पाहा. 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात म्हणून रांगा लागल्या. ‘हे खोटं आहे’ एवढंच म्हणून कुणाचं समाधान झालं नसतं. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीच्या ओल्या पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं, ही झाली खरी गोष्ट. दुधात रंग घातला की तो ओघळ सगळ्यांना दिसतो. ‘चमचा रिकामा झाला, म्हणजे मूर्ती प्यायली’ या अनुमानात चूक आहे, हे तेव्हा वेगळं सांगावंच लागत नाही.

कोर्सचा सैद्धान्तिक पाया मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर यांनी 1960च्या दशकात मांडलेल्या कल्पनेवर आहे: चुकीच्या युक्तिवादाची सौम्य मात्रा आधीच देऊन ठेवली, तर पुढे माणूस त्याला सहजी बळी पडत नाही. हे वाचताना मला महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे चमत्कारांचे प्रयोग आठवतात. हातातून अंगारा काढून दाखवायचा आणि लगेच त्यामागची हातचलाखीही उघड करायची. आपल्या कार्यकर्त्यांनी हे गावोगावी केलेलं आहे. कोर्स त्याला संशोधनाचं बळ आणि एक नेटका आराखडा देतो. म्हणून समितीच्या, पर्यावरणाच्या किंवा आरोग्याच्या कामात असलेल्यांनी स्टॅनफर्डच्याही आधी हा करावा. व्हिडिओ यूट्यूबवर मोफत आहेत आणि प्रत्येक व्हिडिओ काही मिनिटांचाच असल्याने रोज एक-दोन सहज होतात.

कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं असेल तर

अमेरिकेतल्या एमआयटीचा ‘बिकमिंग द नेक्स्ट बिल नाय’ हा कोर्स (बिल नाय म्हणजे टीव्हीवर मुलांना विज्ञान सांगणारे तिथले लोकप्रिय निवेदक) जानेवारी 2015 मध्ये वर्गात शिकवला गेला आणि आता एमआयटीच्याच ओपनकोर्सवेअर या संकेतस्थळावर मोफत मिळतो. नावनोंदणी नाही, फी नाही, प्रमाणपत्रही नाही. एलिझाबेथ चो आणि त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांकडून विज्ञानाचे छोटे व्हिडिओ करून घेतात: प्रश्न निवडा, संहिता लिहा, ती मोठ्याने वाचा, चित्रित करा, कापा, पुन्हा लिहा. तुम्हाला विचारणारं तिथे कुणी नाही. म्हणून दोन-तीन मित्र जमवून करणार असाल तरच याचा खरा फायदा. एकट्याने नुसता पाहून सोडलात, तर हाती फार काही लागणार नाही.

फी भरून प्रत्यक्ष वर्ग

आता महागडा पर्याय. विद्यापीठांच्या ऑनलाइन उन्हाळी शाळांत ठरावीक वेळी वर्ग भरतो, शिक्षक समोर असतो आणि अनेक ठिकाणी श्रेयांकही (क्रेडिट) मिळतात. युरोपात एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचं काम धरतात. तेव्हा तीन श्रेयांकांचा कोर्स दोन आठवड्यांत उरकायचा म्हटलं, तर ती पूर्ण वेळेची नोकरीच झाली. हे न पाहता पैसे भरू नका.

अशा वर्गात जे मिळतं ते रेकॉर्डिंगमधून कधीच मिळत नाही, हेही तितकंच खरं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात 2009 साली सुरू झालेलं ॲलन अल्डा केंद्र शास्त्रज्ञांना नाटकातल्या उत्स्फूर्त अभिनयाचे खेळ खेळायला लावतं. तयार भाषण बाजूला ठेवायचं आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत बोलायचं. अल्डा स्वतः नट. 11 वर्षांचे असताना ‘ज्योत म्हणजे काय?’ असं त्यांनी शिक्षिकेला विचारलं आणि ‘ऑक्सिडेशन’ एवढंच उत्तर मिळालं. तोच प्रश्न त्यांनी 2012 साली शास्त्रज्ञांना स्पर्धा म्हणून घातला आणि परीक्षक नेमले 11 वर्षांच्या मुलांना. आपला श्रोता कुठे हरवला हे त्याच क्षणी कळायला समोर जिवंत माणूसच लागतो. ज्यांना व्याख्यानं द्यायची आहेत, वर्ग घ्यायचे आहेत, त्यांनी पैसे इथे घालावेत. फक्त लेखन सुधारायचं असेल, तर एवढा खर्च करण्याचं कारण मला दिसत नाही.

श्रेयांकांबद्दल एक गोष्ट. यूजीसीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरच्या कोर्सांचे श्रेयांक सत्राच्या 40 टक्क्यांपर्यंत धरता येतात. कोर्सेरा, एडएक्स किंवा परदेशी उन्हाळी शाळेच्या प्रमाणपत्राला ही सोय आपोआप लागू होत नाही. पदवीत भर घालायची असेल, तर आधी आपल्या विभागप्रमुखांकडून लेखी विचारून घ्या.

या चारही कोर्सांत तुमचं मराठी लेखन वाचणारं कुणी नाही. ती उणीव इथेच भरून काढावी लागेल. 1966 पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद त्यासाठी आहे. तिची पत्रिका आहे आणि विज्ञानकथा स्पर्धेची परंपरा आहे. 1974 साली याच स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली आणि पहिली ठरली. ती जयंत नारळीकरांची होती. आपल्या नावाकडे पाहून कुणी निवड करू नये, म्हणून आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती.

प्रत्यक्ष वर्गाची फी भरण्याआधी आयोजकांना एक ईमेल पाठवा आणि तीन गोष्टी विचारा: माझा मजकूर शिक्षक स्वतः वाचणार का, दुरुस्त करून पुन्हा दिला तर दुसऱ्यांदा वाचणार का, आणि अंतिम काम मराठी वाचकांसाठी मराठीत करून त्याचा इंग्रजी सारांश दिला तर चालेल का. पहिल्या दोन्हींना ‘नाही’ आलं, तर ते पैसे राखून ठेवा आणि स्टॅनफर्डच्या पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करा.