देणगी प्रवेशिका क्रमांक १ ते ८००

माझ्या कपाटात अजून देणगी प्रवेशिकांची चार पुस्तकं पडून आहेत. प्रत्येक पासवर नाटकाचं नाव, रविवारची तारीख, रात्रौ ९.३०, महाकवी कालिदास कलामंदिर, शालिमार, आणि खाली तिरक्या अक्षरात ‘शालेय फुटबॉल संघाच्या मदतीसाठी’. हा प्रयोग कधी झालाच नाही. होणारच नव्हता. पण आमच्या संघाचे ७१,६०० रुपये मात्र गेले. ते कसे गेले ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणा शाळेचे जाणार नाहीत.

माझा मुलगा नववीत, शाळेच्या संघाचा गोलकीपर. नाशिकने धावण्यात कविता राऊत दिली, रोइंगमध्ये दत्तू भोकनळ दिला. फुटबॉलला मात्र आमच्याकडे ‘तो कोपऱ्यातला खेळ’ म्हणतात. मैदानावर क्रिकेटवाले आधी, उरलेल्या पट्ट्यात आमची पोरं. तरी दोन वर्षं सरांनी घासून संघ उभा केला आणि कोल्हापूरच्या एका शालेय स्पर्धेचं आमंत्रण आलं. कोल्हापूर म्हणजे पेठापेठांचे संघ, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अर्धं गाव तिथे. पोरं नुसत्या नावाने हवेत होती. सोळा मुलं, दोन शिक्षक, मे महिन्यात सहा दिवस. प्रवास, राहणं, जेवण, जर्सीचे दोन सेट, पाच नंबरचे सहा बॉल आणि चार मुलांना स्टड. सगळं मिळून १,३०,००० रुपये. शाळेने सांगितलं, परवानगी देऊ, पैसे देता येणार नाहीत.

पालकांच्या पहिल्या बैठकीत नेहमीच्या कल्पना आल्या. रद्दी, मिसळ, टर्फवर सात-सात जणांची स्पर्धा लावून प्रवेश फी. मग आमच्यातल्याच एका मुलाचे वडील म्हणाले, “चॅरिटी शो लावू. एका दमात सगळे पैसे उभे राहतात.” एका मंडळाच्या कार्यक्रमात त्यांची नाटकाचे प्रयोग लावणाऱ्या एका माणसाशी ओळख झाली होती.

कुसुमाग्रज आणि कानेटकरांच्या गावात नाटक म्हटलं की माणसं पटकन मान डोलावतात. मीही डोलावली. लहानपणी बाबांबरोबर शाळेच्या इमारत निधीसाठी लावलेलं नाटक बघितलं होतं, म्हणजे ही पद्धत जुनी आणि खरी. निर्मात्याला ठरलेली रक्कम द्यायची, थिएटरचं भाडं भरायचं, पास आपण खपवायचे, वर उरेल ते आपलं. आजही कितीतरी संस्था हे प्रामाणिकपणे करतात.

तो माणूस भेटायला आला तेव्हा मुलांचा सराव चालू होता. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात जाड डायरी. आम्ही त्याला ‘नाटकवाले’ म्हणायला लागलो, इथेही तेच म्हणते. मोबाइलमध्ये मेकअप रूममधले फोटो, नटनट्यांच्या खांद्याला खांदा लावून. (असा फोटो कुणालाही मिळतो. प्रयोग संपल्यावर आत जा, बिचारे कलाकार नाही म्हणत नाहीत.) नाटक गाजलेलं, गर्दी खेचणारं. त्याने आकडा सांगितला: निर्मात्याचे ६०,०००. वर म्हणाला, “ताई, पोरांच्या खेळासाठी आहे, मी माझं कमिशन घेत नाही.”

हे वाक्य ऐकून मला आनंद झाला होता, हे लिहिताना लाज वाटते. मी सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. फुकट काम करणारा पुरवठादार समोर आला तर मी त्याची फाइल दोनदा उघडते. इथे मी त्याला चहा पाजला.

हिशोब कागदावर छान बसला. ३०० रुपयांचे ८०० पास, म्हणजे २,४०,०००. खर्च वजा जाता बरोबर १,३०,६००. माझ्याच अक्षरातला तो कागद अजून आहे.

पहिले २५,००० ‘तारीख रोखायला’. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हवे होते, कारण तोच रविवार म्हणे दुसरं एक मंडळ मागत होतं. निर्मात्याशी एकदा बोलू का, असं सरांनी विचारलं. नाटकवाले हसले. “सर, तुम्ही थेट फोन केला की ते ६० चे ९० करतील. मी आहे ना मधे.” सर गप्प बसले. पैसे यूपीआयने गेले. पाठवताना स्क्रीनवर भलत्याच नावाची कुठलीशी ट्रेडिंग कंपनी दिसली. ते म्हणाले, “मेव्हण्याचं खातं आहे, माझं सध्या लिमिटमध्ये अडकलंय.”

आठवड्याने थिएटरचं भाडं आणि डिपॉझिट मिळून २२,०००. त्याची पावती व्हॉट्सअ‍ॅपवर आली, कागदाचा काढलेला फोटो. वर महापालिकेचं बोधचिन्ह, पावती क्रमांक, शिक्का. आकड्यात २२,००० आणि अक्षरी ‘बावीस हजार पाचशे फक्त’. मला ते दिसलं. अशा चुका पकडायचाच मला पगार मिळतो. मी मनात म्हटलं, सरकारी कारकून, घाईत लिहिलं असेल. कालिदास आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. सोळा घरांतले निदान सात जण रोज शालिमारवरून जातात. तो फोटो घेऊन खिडकीवर कुणी गेलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने पाहिलं असेल. ज्यांनी ओळख करून दिली त्यांना वाटलं सरांनी पाहिलं, सरांना वाटलं मी पाहिलं, कारण मी अकाउंट्सवाली.

मग ९,६०० रुपये ‘करमणूक कर’. इथे तर मी स्वतःच्या कानाखाली वाजवून घ्यायला हवी. राज्याचा करमणूक कर १ जुलै २०१७ ला जीएसटीत गेला, आणि ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही. ३०० च्या पासवर कसला कर? हे मी ऑफिसात एका झटक्यात सांगितलं असतं. पण नाटकवाले एका दमात परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र, पोलीस परवाना, कर असे शब्द टाकत गेले, आणि मला वाटलं, नाटकाच्या धंद्यातलं आपल्याला काय कळतं. परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र नाटकाच्या संहितेला मिळतं आणि ते निर्मात्याकडे असतं, आयोजकाने त्यासाठी खिशात हात घालायचा नसतो, हे नंतर कळलं.

शेवटचे १५,००० कलाकारांच्या बससाठी आणि लॉजसाठी, प्रयोगाच्या आधीच्या सोमवारी.

मधल्या काळात आम्ही पास विकत होतो. संक्रांत होती. तिळगुळाच्या डब्याबरोबर पासचं पुस्तक पर्समध्ये. हळदीकुंकवाला गेले की वाण घ्यायचं आणि पास द्यायचा. मुलं इंदिरानगरपासून पंचवटीपर्यंत सायकली दामटत होती. एका आजींनी बचत गटाच्या बायकांसाठी एकदम बारा घेतले. ४१२ पास खपले, १,२३,६०० जमा झाले. छपाईवाल्याचे २,८०० त्यातूनच दिले. तो माणूस खरा होता, त्याने काम केलं आणि बिल दिलं.

बुधवारी संघातल्या एका मुलाची आई शालिमारला कापड घ्यायला गेली होती. जाता जाता कलामंदिराबाहेर आठवड्याच्या कार्यक्रमांची पाटी वाचत उभी राहिली. तिला आमच्या नाटकाच्या पाटीचा फोटो ग्रुपवर टाकायचा होता. रविवारी रात्री तिथे एका नृत्यवर्गाचं स्नेहसंमेलन होतं. आत जाऊन विचारलं. खिडकीवरच्या माणसाने रजिस्टर उघडून शांतपणे दाखवलं. त्या क्रमांकाची पावती त्यांनी कुणाला दिलीच नव्हती. ती बाहेरच्या पायरीवर बसून मला फोन करत होती आणि मी मीटिंगमध्ये होते. सात मिस्ड कॉल.

संध्याकाळी आम्ही वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान काढलं. त्या नाटकाची जाहिरात होती, त्यात रविवारचा प्रयोग पुण्याचा होता, आणि खाली व्यवस्थापकाचा नंबर छापलेला. रोज छापला जातो. फोन लावला तर त्यांनी आमच्या नाटकवाल्यांचं नाव आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. ६० हजारांचा आकडा ऐकून ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “मॅडम, एवढ्यात आमचा सेटचा टेम्पो आणि माणसं नाशिकला पोचतील, नट नाही पोचणार.”

नाटकवाल्यांचा फोन आधी वाजत राहिला, मग बंद. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? पहिले गेल्याला जवळजवळ महिना झाला होता. या नंबरचा उपयोग पैसे गेल्यावर लगेच, तासाभरात केला तर जास्त. तेवढ्या वेळात ते पुढच्या खात्यात सरकायच्या आधी अडवता येतात. सोमवारच्या १५,००० पैकी ६,२०० कुठल्यातरी खात्यात अडकवले गेले. ते अडकलेलेच आहेत, आमच्या हातात आलेले नाहीत. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी अर्ज वाचून सांगितलं, आता चारशेवीस म्हणू नका, १ जुलै २०२४ पासून ते नव्या न्याय संहितेत ३१८ (४) झालंय. सर म्हणाले, आकडा बदलला, माणसं तीच. त्या दिवसातलं एवढंच हसू.

आणखी एक चूक आमची स्वतःची, नाटकवाल्यांची नव्हे. पालकांतल्या वकीलबाईंनी ती नंतर दाखवली. आमची काही नोंदणीकृत संस्था नाही. असं लोकांकडून मदतीच्या नावाने पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांकडून आधी कलम ४१ क खाली परवानगी काढायची असते, गणेश मंडळं काढतात तशी. आम्ही शाळेच्या लेटरहेडवर भागवलं. ती परवानगी काढायला गेलो असतो तर कार्यक्रमाचे कागद एकदा तरी टेबलावर नीट मांडावे लागले असते, आणि त्या ‘पाचशे फक्त’वर कुणाचं तरी बोट थांबलं असतं.

मग परत करण्याचं काम. ते फसवणुकीपेक्षा जड गेलं. ४१२ पास, प्रत्येकाची नोंद नव्हती. मुलांनी आठवून आठवून यादी केली. घरोघरी जाऊन ३०० रुपये परत द्यायचे आणि प्रत्येक घरी पहिल्यापासून गोष्ट सांगायची. काही जण रागावले, ते बरोबरच होतं. एका काकांनी दार अर्धंच उघडून म्हटलं, “तुम्हीच खाल्ले नाहीत कशावरून?” माझा मुलगा शेजारी उभा होता. घरी येईपर्यंत तो बोलला नाही. ९७ पासांचे पैसे लोकांनी परत घेतले नाहीत, त्या बारा पासवाल्या आजींनी तर ओरडून घालवलं. ७४,४०० चा खड्डा होता, त्यातले २९,१०० असे भरले. उरलेल्या ४५,३०० साठी सोळा घरांनी २,८०० प्रत्येकी काढले आणि वरचे ५०० सरांनी दिले.

ज्यांनी ओळख करून दिली त्यांना तोंडावर कुणी काही बोललं नाही. त्यांनीच ग्रुपवर लिहिणं सोडलं, मुलाला सोडायलाही मैदानाच्या फाटकापर्यंतच यायचे. त्यांचेही २,८०० गेले होते आणि आईबापांच्या नावाने घेतलेले दहा पासही.

कोल्हापूरचे पैसे शेवटी जुन्याच, कंटाळवाण्या कल्पनांनी उभे राहायला लागले. या वेळी आधी परवानगी काढली. रद्दीच्या पहिल्या रविवारी ते गृहस्थ टेम्पो घेऊन आले आणि दुपारपर्यंत गठ्ठे उचलत राहिले, ६४० किलो. फेब्रुवारीत दिंडोरीच्या एका पालकाच्या बागेतली द्राक्षं दोन-दोन किलोच्या पेट्यांत गंगापूर रोडच्या सोसायट्यांत विकली. स्नेहसंमेलनात २० रुपयांत तीन पेनल्टी, समोर माझा मुलगा. मुख्याध्यापकांची तिसरी किक त्याने मुद्दाम सोडली असा त्याच्यावर आरोप आहे. पैसे आता संयुक्त खात्यात जातात, कुठलीही पावती दोन वेगवेगळे पालक मूळ ठिकाणी नेऊन दाखवतात, आणि वेगळ्या नावाच्या खात्यात रुपयाही जात नाही. सहा दिवसांचे चार दिवस करून, जर्सीचा एकच सेट घेऊन संघ जाऊन आला. दुसऱ्याच फेरीत हरला.

१९ पासांचे ५,७०० रुपये मात्र एका पाकिटात तसेच आहेत. ते कुणी घेतले होते ते आम्हाला सापडलं नाही. पासच्या मागे शाळेचा जांभळा गोल शिक्का आणि सरांची सही आहे. तुमच्याकडे असा पास असेल तर संध्याकाळी साडेपाचनंतर सराव चालू असतो, मैदानावर या, सर पैसे देतील. पास परत देऊ नका, फाडून टाका.