दहापट भिंग, सात महिने आणि रत्नागिरीचा पावसाळा

जुनी छपाई न्याहाळायला घेतलेलं तीन काचांचं, २१ मिलिमीटरचं, एलईडीवालं भिंग. घेतलं तेव्हा बाराशे रुपये. जुलैअखेर आतल्या काचेच्या कडेला बुरशीची जाळी दिसली आणि विक्रेत्याने ‘बुरशी वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात वर केले. संताप भिंगाचा नाही, सोबत मिळणाऱ्या चामडी पाऊचचा आहे. चामडं ओल धरून ठेवतं. कोकणात पावसाळाभर त्यात काच ठेवणं म्हणजे बुरशी पाळणं. पाऊच पहिल्याच दिवशी काढून टाका. घट्ट झाकणाचा डबा घ्या, तळाशी ५० ग्रॅम निळी सिलिका जेल. दाणे गुलाबी झाले की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत तापवा. वरच्या काचेवरची बुरशी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने निघते. चिकटवलेल्या काचांमध्ये शिरली की भिंग गेलंच.

काच मात्र अस्सल आहे. भिंग डोळ्याला टेकवा आणि पान वर आणा. साधारण अडीच सेंटिमीटरवर अक्षर लख्ख होतं. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पोथी घ्या. अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार दिसेल, मधला भाग किंचित फिका: खिळा, म्हणजे धातूचं ओतीव अक्षर, दाबला की शाई कडेला सरकते. शिरोरेषेवर दोन अक्षरांमध्ये केसाएवढी फट असते, तो दोन खिळ्यांचा सांधा. खिळे जुळवणाऱ्या कसबी जुळाऱ्याच्या पानात ती शोधावी लागते, आणि शोधताना त्या हाताबद्दल आदर वाटतो. शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापताना, हा सांधाच नाही, कारण मजकूर हाताने लिहिलेला. एकाच पानावरचे दोन ‘ण’ तंतोतंत जुळत नाहीत. मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांचं १८३१ चं पंचांग शिळाछापाचंच. ऑफसेटमध्ये, म्हणजे आजच्या पुस्तकांच्या नेहमीच्या छपाईत, कड सपाट, कागदावर ठसा नाही. लेझर प्रिंटमध्ये अक्षराभोवती टोनरचे (शाईच्या भुकटीचे) सुटे कण.

याच भिंगाबद्दल मार्चमध्ये मी ‘एलईडी म्हणजे पैसे वाया’ असं लिहिलं होतं. ते अर्धंच खरं. चहूबाजूंनी उजेड पडला की खिळ्याचा ठसा नाहीसा होतो. त्याला खिडकीतला तिरपा उजेडच हवा. पण रंगीत मुखपृष्ठावरचे चार रंगांचे ठिपके पावसाळी अंधारात एलईडीशिवाय दिसत नाहीत.

दहापटीत पोथीची दोन-तीन अक्षरंच मावतात. वेलांटीचा झोक, रफाराची जागा, काना आणि अक्षर यांतलं अंतर पाहायला पाचपटीचं साधं भिंग बरं. ते स्वस्तही पडतं, आणि पाऊचशिवाय मिळतं.