सागवान-शिसवात स्क्रू बसवताना: कोणता स्क्रू, कोणता बिट

जुन्या सागवानी दाराच्या बिजागऱ्या बदलायच्या असोत की शिसवी कपाटाला कडी लावायची असो, घरोघरी सुरुवात उलटी होते. ड्रिल मशीनच्या डब्यात जो बिट सापडेल त्याने भोक पाडायचं आणि मग त्यात बसेल असा स्क्रू शोधायचा. प्लायवूडमध्ये हे खपून जातं. कठीण लाकूड मात्र दबत नाही. आट्यांना जागा मिळाली नाही तर एक तर लाकडाला चीर जाते, नाही तर स्क्रूची मान तुटते. म्हणून आधी स्क्रू ठरवा, मग त्याच्या मापाचा बिट घ्या.

दुकानदार बहुतेक वेळा काळे स्क्रू पुढे करतो. ते जिप्सम बोर्डासाठी बनवलेले असतात. त्यांचं पोलाद कडक केलेलं असतं, त्यामुळे ते वाकत नाहीत, तटकन तुटतात. मी एकदा सागाच्या चौकटीत तसा स्क्रू घातला. डोकं हातात आलं, बाकीचा आतच राहिला. तो काढायला आजूबाजूचं लाकूड कोरावं लागलं आणि अर्धा दिवस गेला. शिवाय त्यांचा काळा लेप पावसाळी हवेत फार टिकत नाही. कठीण लाकडासाठी ते घेऊच नका.

पिवळे, जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू त्यापेक्षा बरे आणि घरातल्या कोरड्या जागी पुरेसे. त्यांचे आटे बहुधा डोक्यापर्यंत असतात, हे मात्र लक्षात ठेवा. दोन फळ्या जोडताना आटे वरच्या फळीतही रुततात आणि मग कितीही आवळलं तरी मधली फट मिटत नाही. यावर उपाय एकच: वरच्या फळीत स्क्रू सहज आरपार जाईल असं मोठं भोक, खालच्या फळीत बारीक.

पितळी स्क्रू जुन्या फर्निचरवर शोभतात, पण पितळ मऊ. थेट फिरवले तर डोक्याची खाच झिजते किंवा स्क्रूच पिळवटतो. त्यासाठी सुतारांची जुनी युक्ती आहे. त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी पूर्ण आत घालून बाहेर काढायचा, म्हणजे लाकडात आटे तयार होतात. मग मेण लावून पितळी स्क्रू हाताने बसवायचा. साबण लावू नका, तो ओल धरतो.

माझी पसंती स्टेनलेसला. घरात ३०४ या दर्जाचं स्टेनलेस पुरतं. कोकणात, समुद्राजवळ, उघड्यावरच्या दारा-फाटकाला ३१६ घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात. बाभूळ, खैर यांसारख्या टॅनिनच्या (म्हणजे तुरट द्रव्याच्या) लाकडात लोखंडाभोवती काळे डाग उमटतात, तिथेही स्टेनलेसच. पण तेही पायलट भोकाशिवाय, म्हणजे स्क्रूसाठी आधी पाडलेल्या बारीक भोकाशिवाय, रेटलं तर तुटतं.

आता बिट. मापं अशी. ६ नंबरचा स्क्रू ३.५ मिमीचा, ८ नंबरचा ४.२, १० नंबरचा ४.८. सागवानात यांना अनुक्रमे २.५, ३ आणि ३.५ मिमीचं पायलट भोक मी पाडतो. शिसव जास्त कठीण, तिथे ६ नंबरला २.८ आणि ८ नंबरला ३.२. वरच्या फळीतलं मोठं भोक ४, ४.५ आणि ५ मिमी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्क्रूचा गाभा, म्हणजे आटे सोडून मधला दांडा, थोडा कमी-जास्त असतो, म्हणून बिट स्क्रूसमोर उजेडात धरून पाहा. बिटाने गाभा झाकला पाहिजे आणि दोन्ही बाजूंनी आटे डोकावले पाहिजेत.

साधा एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) बिट आणि मधे टोक असलेला लाकडाचा बिट, यांत निवड भोकाच्या आकारावर करा. साधा बिट गुळगुळीत शिसवावर सुरुवातीला घसरतो, पण टोच्याने खूण केली की ती तक्रार मिटते. ३ मिमीपर्यंतच्या पायलटला तोच घ्या, स्वस्त असतो आणि तुटला तर सुटा मिळतो. ४ मिमीच्या वरच्या, दिसणाऱ्या भोकांना टोकाचा बिट घ्यावा. तो जागचा हलत नाही आणि भोकाच्या कडेचे तंतू उचकटत नाहीत. मशीनसोबत येणारा भिंतीचा कार्बाइड बिट लाकडाला लावू नका. तो कापत नाही, घासतो, आणि भोकातून धूर येतो. सोनेरी लेपाच्या स्वस्त संचापेक्षा २.५, ३ आणि ४.५ चे चांगले तीन सुटे बिट पुरे.

भोक पाडताना मशीनची हॅमर, म्हणजे ठोके देणारी, सोय बंद ठेवा आणि बिट दर थोड्या वेळाने बाहेर काढून भुसा झाडा. सागाचा तेलकट भुसा खोबणीत चिकटून बिट तापवतो. खोली स्क्रूच्या लांबीपेक्षा किंचित जास्त असावी, त्यासाठी बिटावर चिकटपट्टीची खूण करा.

बिजागरीची जुनी भोकं सैल झाली असतील तर जाडा स्क्रू शोधत बसू नका, त्याचं डोकं बिजागरीच्या खाचेत बसणार नाही. सागाचीच खुंटी तासून गोंद लावून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, सकाळी सपाट कापा आणि मग नवं पायलट भोक पाडा.