इंडेक्स फंड: दहा वर्षांच्या अनुभवानंतर

इंडेक्स फंडात मी दहा वर्षे नियमितपणे पैसे गुंतवत आलो आहे आणि हे उत्पादन चांगले आहे असे मी विनासंकोच म्हणेन. मात्र ते नेमके काय करते आणि काय करत नाही, हे मला फार उशिरा उमगले, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

फंडाचे काम सांगायला सोपे आहे. निर्देशांक म्हणजे बाजारातील ठरावीक कंपन्यांच्या समभागांच्या भावांवरून काढलेला आकडा; त्यात ज्या कंपन्या आहेत त्यांचे समभाग निर्देशांकातील प्रमाणातच घ्यायचे आणि धरून ठेवायचे. कोणती कंपनी चांगली, याचा निवाडा तो करत नाही. जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत सर्वसामान्यांसाठी असा पहिला फंड आणला, तेव्हा १५ कोटी डॉलर जमवण्याचे उद्दिष्ट असताना सुमारे १ कोटी १३ लाखच जमले, कारण सरासरीवर समाधान मानणे अनेकांना कमीपणाचे वाटले. त्या आक्षेपाचे उत्तर खर्चात आहे. सर्व गुंतवणूकदारांचा मिळून परतावा म्हणजेच बाजाराचा परतावा, त्यामुळे एकाने सरासरीपेक्षा जास्त मिळवले की दुसऱ्याच्या वाट्याला तेवढे कमी येते, शुल्क मात्र दोघांनाही भरावे लागते. वर्षाला ८ टक्क्यांनी वाढणाऱ्या १०० चे ३० वर्षांत सुमारे १,००६ होतात; वाढीचा दर शुल्कामुळे ७ टक्क्यांवर आला तर ७६१ च्या आसपास होतात. एका टक्क्यापायी जवळजवळ चौथा हिस्सा जातो.

माझा मोठा गैरसमज वेगळाच होता. आपला प्रत्येक हप्ता कुठल्यातरी कंपनीच्या कारखान्यात पोहोचतो, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात फंड बहुतेक समभाग दुय्यम बाजारात, म्हणजे जिथे आधीच विकले गेलेले समभाग लोक एकमेकांकडून घेतात तिथे, घेतो आणि पैसे आधीच्या भागधारकाला मिळतात. कंपनीच्या हाती रक्कम पडते ती तिने नवे समभाग किंवा रोखे विकले तेव्हाच. मग या खरेदी-विक्रीचा अर्थव्यवस्थेला उपयोग काय? डच ईस्ट इंडिया कंपनीने १६०२ मध्ये भांडवल उभे केले, तेव्हा जहाजांत गुंतलेला पैसा मागेल तेव्हा परत करणे शक्यच नव्हते, पण ज्याला बाहेर पडायचे होते त्याला ॲम्स्टरडॅममध्ये आपला भाग दुसऱ्याला विकता येत असे. बचत करणाऱ्याला पैसा अडीनडीला मोकळा हवा असतो आणि उद्योगाला तो वर्षानुवर्षे अडकवून ठेवावा लागतो. या दोन गरजांचा मेळ दुय्यम बाजार घालतो. उद्या विकता येईल अशी खात्री नसती, तर कंपनीचे नवे समभाग घ्यायला फार थोडे लोक पुढे आले असते.

बाजाराचे दुसरे काम भाव ठरवण्याचे. ज्या कंपनीच्या समभागाचा भाव चढा असतो तिला थोडे समभाग विकून मोठी रक्कम उभी करता येते, तर भाव पडलेल्या कंपनीला भांडवल महाग पडते. समाजाची बचत कोणत्या कामाकडे वळावी, हे बऱ्याच अंशी अशाच भावांतून ठरत जाते. नेमक्या या कामात इंडेक्स फंड काहीही भर घालत नाही. ताळेबंद वाचणाऱ्यांनी ठरवलेला भाव तो जसाच्या तसा स्वीकारतो. सॅनफर्ड ग्रॉसमन आणि जोसेफ स्टिग्लिट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये दाखवून दिले होते की भावांत सगळी माहिती आधीच उतरलेली असेल, तर ती खर्च करून मिळवण्याचे कारणच कोणाला उरणार नाही. म्हणून जे दुसऱ्यांच्या कष्टावर चालते, ते उत्पादन सर्वांनीच घ्यावे असे मी म्हणणार नाही.

जोखमीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. जपानच्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मध्ये गाठलेली उंची पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. फंड निर्देशांकाशी प्रामाणिक असतो, त्यामुळे फुगवट्यातही तो सोबत राहतो आणि घसरणीतही. पाच-सात वर्षांत लागणारी रक्कम मी त्यात ठेवत नाही.

माझी खरी तक्रार मताधिकाराची आहे. पैसे माझे असले तरी भागधारकांच्या सभेत मत फंड व्यवस्थापन देते, आणि मी आधी वापरलेल्या फंडाने ते कसे दिले याची नोंद मला सहजासहजी सापडली नव्हती. आताचा फंड ही नोंद दरवर्षी वाचता येईल अशा रूपात देतो. एकाच निर्देशांकाच्या दोन फंडांचा खर्च सारखा असेल, तर मी याच गोष्टीवर निवड करेन.